टीडीएस ४३०, पण पाण्यात शिसे आणि निकेल: कोणते मेम्ब्रेन उपयोगी पडेल?

जलचिंता (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुण्याजवळच्या एका औद्योगिक पट्ट्याला लागून, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असलेल्या ४८ सदनिकांच्या सोसायटीची मी सचिव आहे. आमच्याकडे महापालिकेचे पाणी येत नाही. वर्षभर बोअरवेल आणि उन्हाळ्यात टँकर एवढाच आधार आहे. इमारतीला सतरा वर्षे झाली असून बोअरचे पाणी तळाच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून सर्व नळांना जाते.

एका सभासदाने स्वयंपाकघरातील नळाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) ४३०, एकूण कठीणपणा ३१०, शिसे ०.०३८ आणि निकेल ०.०३१ मि.ग्रॅ. प्रति लिटर आढळले. कॅडमियम आढळले नाही. शिशाची मर्यादा ०.०१ आणि निकेलची ०.०२ आहे, असे अहवालातच छापलेले असल्यामुळे सभासद साहजिकच घाबरले आहेत. इमारतीत लहान मुले बरीच आहेत आणि आजवर आम्ही हेच पाणी साध्या कँडल फिल्टरमधून किंवा उकळून पीत आलो आहोत.

दोन विक्रेत्यांशी बोललो. पहिल्याचे म्हणणे असे, की टीडीएस ५०० पेक्षा कमी असल्यामुळे आरओची (दाबाखाली पाणी पातळ पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळण्याच्या पद्धतीची) गरजच नाही, किंबहुना त्याला बंदी आहे, आणि यूएफ (अतिसूक्ष्म गाळणीचे) मेम्ब्रेन पुरेल. दुसऱ्याने गच्चीवर ताशी १,००० लिटरचा आरओ प्रकल्प सुचवला आहे. त्यात टीडीएस कंट्रोलर असल्यामुळे खनिजे टिकून राहतील आणि वाया जाणारे पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडून बोअरलाही फायदा होईल, असे तो सांगतो. खर्च मोठा आहे आणि सर्वसाधारण सभेपुढे मला उत्तर द्यायचे आहे. या दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे?

अर्धपार्य

सचिवताई, आपल्या प्रश्नातील आकड्यांवरूनच सांगतो, की दोघांचेही बरोबर नाही. मी रासायनिक अभियंता असून बरीच वर्षे मेम्ब्रेन प्रकल्पांच्या उभारणीत आणि देखभालीत काढली आहेत.

आधी टीडीएसबद्दल. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. आपल्या पाण्यात एका लिटरमध्ये ४३० मि.ग्रॅ. क्षार आहेत आणि त्यांत शिसे ०.०३८ मि.ग्रॅ., म्हणजे अकरा हजारांत एका भागाहूनही कमी आहे. ते शिसे उद्या दहापट झाले तरी मीटरच्या आकड्यात फरक दिसणार नाही, आणि पूर्ण नाहीसे झाले तरीही दिसणार नाही. म्हणून ‘टीडीएस ५०० च्या आत आहे’ या वाक्याचा जड धातूंशी काहीही संबंध नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर निर्बंध आणण्यास सांगितले ते पाण्याची नासाडी थांबावी म्हणून, आणि चांगल्या पाण्यावर विनाकारण आरओ बसवण्याची सवय पाहता तो विचार योग्यच होता. परंतु धातूने दूषित झालेले पाणी ‘चांगले’ ठरवण्यासाठी त्या आकड्याचा आधार घेणे ही दिशाभूल आहे.

आता यूएफ. अतिसूक्ष्म गाळणीच्या या मेम्ब्रेनची छिद्रे साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची, म्हणजे १० ते १०० नॅनोमीटरची असतात. जिवाणू, गढूळपणा आणि बरेचसे विषाणू त्यात अडकतात. विरघळलेला धातूचा आयन (विद्युतभार असलेला कण) मात्र भोवतीच्या पाण्याच्या रेणूंसह मोजला तरी एका नॅनोमीटरच्या आतच असतो, आणि दरवाजातून मुंगी जावी तसा तो निघून जातो. गंजाच्या किंवा मातीच्या कणांना चिकटलेले शिसे यूएफमध्ये थांबते, हे खरे. विरघळलेले थांबत नाही. कँडल फिल्टरचेही तेच, आणि उकळण्याने तर पाणी आटून धातूचे प्रमाण किंचित वाढते.

नॅनोफिल्ट्रेशन हा मधला पर्याय आहे आणि मला तो विशेष प्रिय आहे, कारण कमी दाबावर चालतो आणि सोडियमसारखे क्षार बऱ्याच अंशी पाण्यात राहू देतो. त्याच्या मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे सल्फेटसारखे दोन ऋणभारांचे आयन ते मागे सारते आणि विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी कॅल्शियम, निकेल यांसारखे जोडीदारही मागेच राहतात. मात्र पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडचे प्रमाण जास्त असेल, तर ही अडवणूक सैल पडते. त्यामुळे प्रत्यक्ष आपल्या पाण्यावर चाचणी घेतल्याशिवाय नॅनोफिल्ट्रेशनवर पिण्याच्या पाण्याची जबाबदारी सोपवू नये.

आरओमध्ये पॉलिअमाइडचा एक अत्यंत पातळ थर खरे काम करतो. त्याला चाळणी समजणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. पाण्याचे रेणू दाबाखाली त्या थरात शिरून पलीकडे झिरपतात आणि आयनांना तो प्रवास अतिशय जड जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे जे मेम्ब्रेन तयार केले, तेथून हा सारा प्रवास सुरू झाला. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. चांगल्या स्थितीतील आरओ मेम्ब्रेन शिसे आणि निकेल ९५ टक्क्यांहून अधिक अडवते.

येथवर दुसरा विक्रेता बरोबर आहे, असे वाटेल. पण टीडीएस कंट्रोलर म्हणजे काय, हे त्याने आपल्याला सांगितलेले दिसत नाही. ही एक साधी झडप असते आणि ती आरओच्या आधीचे पाणी, फार तर यूएफमधून काढून, आरओच्या शुद्ध पाण्यात पुन्हा मिसळते. खनिजे परत येतात ती अशी, आणि त्यांच्याबरोबर शिसेही परत येते. हिशेब करून पाहा. आरओने ९५ टक्के अडवले तर शिसे ०.०३८ वरून ०.००१९ वर येते आणि टीडीएस २० च्या आसपास. आता त्यात एक तृतीयांश मूळ पाणी मिसळा. टीडीएस १५८ होतो, पाणी चवीला उत्तम लागते, मीटर पाहून सगळे समाधानी होतात, आणि शिसे ०.०१४ होऊन पुन्हा मर्यादेबाहेर गेलेले असते. हजारो रुपये खर्चून धातू अडवायचा आणि शेवटच्या झडपेतून तो परत आत घ्यायचा, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की आता त्याबद्दल शांतपणे बोलणे मला अवघड जाते. जेथे जड धातूंसाठी आरओ बसवायचा आहे, तेथे ही झडप नसावी किंवा कायमची बंद असावी. खनिजांसाठी आरओनंतर कॅल्साइटचे (चुनखडीतील खनिजाचे) कार्ट्रिज बसवता येते.

नमुनानोंद

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. अर्धपार्य यांनी मेम्ब्रेनबद्दल लिहिलेले मान्य आहे, परंतु मेम्ब्रेन निवडण्याच्या आधीची एक पायरी येथे सुटली आहे. हे शिसे बोअरमधून येते आहे की नळातून, हे अद्याप कोणालाच माहीत नाही.

आपण तपासलेला नमुना स्वयंपाकघरातील नळाचा आहे. तो दिवसाच्या कोणत्या वेळी घेतला, कोणत्या बाटलीत घेतला आणि त्याआधी नळ किती वेळ बंद होता, यावर शिशाचा आकडा कमालीचा बदलतो. रात्रभर पाइपात आणि पितळी जोडात थांबलेल्या पाण्यात शिसे उतरते. जुन्या पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगे स्थिरक म्हणून वापरली जात असत आणि त्यावरचे नियम आपल्याकडे २०२१ साली आले. आपली इमारत त्यापूर्वीची आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या जीआय पाइपांच्या मुलाम्यातही शिशाचा अंश असू शकतो. निकेलच्या बाबतीत तर चकचकीत क्रोम मुलाम्याचे नळ हा ओळखीचा स्रोत आहे, कारण त्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो.

अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ साली जे घडले, ते या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. शहराने पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी घेतले, गंज रोखणारे फॉस्फेट त्यात घातले नाही, आणि घरांपर्यंत जाणाऱ्या शिशाच्या जुन्या नळ्यांतील शिसे पाण्यात उतरू लागले. नदीच्या पाण्यात ते शिसे नव्हते. शुद्धीकरण केंद्रात जगातील सर्वोत्तम मेम्ब्रेन असते तरी केवळ त्यामुळे घरातील नळाला येणारे शिसे थांबले नसते.

म्हणून आपण निदान तीन नमुने घ्यावेत. पहिला थेट बोअरच्या तोंडाशी, पंप दहा-पंधरा मिनिटे चालल्यानंतर. दुसरा स्वयंपाकघरातील नळाचा, पहाटे कोणीही पाणी वापरण्यापूर्वी, अगदी पहिल्या धारेचा. तिसरा त्याच नळाचा, पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतर. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्याव्यात. त्या आम्लाने धुतलेल्या असतात आणि धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसू नयेत म्हणून नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून त्याचा पीएच २ च्या खाली ठेवावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलेला नमुना धातूंच्या तपासणीस योग्य नसतो. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली, आणि त्या मान्यतेत शिसे व निकेल यांचा समावेश असलेली पाहावी.

तोवर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी भरण्यापूर्वी नळ काही मिनिटे वाहू द्यावा आणि ते पाणी धुण्याभांड्यांसाठी वापरावे.

वाळूचाघाट

मी मूळचा अमरावतीचा असून नोकरीनिमित्त सात वर्षे पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात आहे आणि गावोगावच्या आर्सेनिक निवारणाच्या प्रकल्पांवर काम करतो. आपल्याकडे आर्सेनिक नाही, तरी धातू पाण्यात कोणत्या रूपात आहे यावर मेम्ब्रेनचे यश कसे अवलंबून असते हे येथे मी रोज पाहतो, म्हणून लिहितो.

आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत सापडते. पंचसंयुजी रूपावर ऋणभार असतो आणि आरओ मेम्ब्रेन ते उत्तम अडवते. त्रिसंयुजी रूप मात्र नेहमीच्या पीएचला भाररहित असते, आणि ते मेम्ब्रेनमधून बऱ्याच प्रमाणात निसटते. येथील भूजलात प्राणवायू नसल्यामुळे नेमके हेच दुसरे रूप अधिक सापडते. उपाय म्हणून आधी क्लोरिनसारख्या पदार्थाने त्याचे ऑक्सिडीकरण करावे, तर क्लोरिन पॉलिअमाइडचा नाश करते. म्हणून क्लोरिननंतर कार्बनचा थर लावून ते काढून टाकावे लागते आणि मगच पाणी मेम्ब्रेनवर जाते. ही साखळी कोठेही तुटली की एकतर आर्सेनिक सुटते किंवा मेम्ब्रेन जाते. मी रुजू झालो तेव्हा एका गावातील प्रकल्पाचा कार्बन दोन वर्षे बदललेला नव्हता. मेम्ब्रेन जळून गेले होते, टाकीतून स्वच्छ दिसणारे पाणी येत होते आणि लोक विश्वासाने ते भरून नेत होते. तळहातांवर आर्सेनिकचे खडबडीत फोड असलेल्या एका आजींनी त्या टाकीकडे बोट दाखवून ‘आता पाणी चांगले आहे ना?’ असे विचारले होते. तो प्रश्न मला अजून सोडत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक जोड देतो. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागढ चौकी भागात, कौडीकसा गावाच्या परिसरात, आर्सेनिकचे भूजल नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ज्ञात आहे. हा विषय केवळ गंगेच्या गाळापुरता नाही.

सचिवताईंना एवढेच विचारतो, की तळाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट टाकले जाते का? टाकले जात असेल, तर आरओपूर्वीचा कार्बन कोण आणि कधी बदलणार, हे खरेदीपूर्वी ठरले पाहिजे.

जलचिंता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर देण्यास तीन आठवडे लागले, कारण नमुनानोंद यांनी सांगितल्याप्रमाणे नव्याने तपासणी करून घेतली. आकडे मि.ग्रॅ. प्रति लिटर असे आहेत. बोअरच्या तोंडाशी शिसे ०.००२ पेक्षा कमी आणि निकेल ०.०२६. पहाटेच्या पहिल्या धारेत शिसे ०.०४१ आणि निकेल ०.०३४. पाच मिनिटांनंतर त्याच नळाला शिसे ०.००९ आणि निकेल ०.०२७.

म्हणजे शिसे आमच्याच पाइपांतले आणि निकेल बहुतांशी जमिनीतले, असा अर्थ मी लावते आहे. तो बरोबर असेल तर गच्चीवरच्या प्रकल्पाचे काय करावे? टाकीत हायपोक्लोराइट टाकले जाते. संपूर्ण इमारतीचे पाइप बदलण्याचा खर्च यंदा झेपणारा नाही.

अर्धपार्य

आपण लावलेला अर्थ बरोबर आहे, आणि नमुनानोंद यांनी विचारलेला प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

गच्चीवरचा प्रकल्प आता सरळ बाद करावा. तो निकेल काढील, पण शिसे त्याच्यानंतरच्या पाइपांत आहे. शिवाय परिस्थिती बिघडण्याचीच शक्यता अधिक आहे. आरओच्या पाण्यात कॅल्शियम आणि क्षारता जवळजवळ उरत नाही, पीएच खाली येतो, आणि असे ‘भुकेले’ पाणी धातू अधिक विरघळवते. दख्खनच्या कठीण पाण्याने सतरा वर्षांत पाइपांच्या आत चुन्याचा जो थर दिला असेल, तो आज काही प्रमाणात आपले रक्षण करतो आहे. मऊ, किंचित आम्ल पाणी त्या थरालाही खाऊ लागेल.

माझ्या मते उपाय तळमजल्यावर आहे. ४८ घरांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी प्रत्येकी २० लिटर धरले तरी दिवसाला ९६० लिटरच लागतात. ताशी २५० लिटरचा छोटा आरओ चार तास चालवला की पुरे. बोअरमधून स्वतंत्र नव्या पाइपाने पाणी घ्यावे, ते टाकीत जाऊच देऊ नये, म्हणजे हायपोक्लोराइटचा प्रश्नच मेम्ब्रेनपर्यंत येत नाही. गाळ अडवणारा फिल्टर, अँटीस्केलंट (मेम्ब्रेनवर क्षारांचा थर जमू न देणारे रसायन), आरओ, कॅल्साइट आणि शेवटी अतिनील दिवा असा क्रम ठेवून पाणी स्टेनलेस स्टीलच्या टाकीत साठवावे आणि तेथेच एका नळावर सभासदांनी भरून न्यावे. जुन्या पाइपांचा स्पर्शच होत नाही, म्हणून शिसेही नाही. वरच्या मजल्यांवरील वयस्कर सभासदांपर्यंत कळशी कशी पोहोचवायची हे सोसायटीला ठरवावे लागेल, आणि ही अडचण मी लहान मानत नाही. आंघोळ आणि धुणीभांड्यांसाठी सध्याचे पाणी चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण हे धातू त्वचेतून फारसे शरीरात जात नाहीत.

प्रत्येक घरात स्वतंत्र आरओ हाही मार्ग आहे आणि शिसे व निकेल दोन्ही त्यात अडतील, पण घरगुती यंत्रे घेतलेल्या पाण्यापैकी २५ ते ३० टक्केच शुद्ध करून देतात. ४८ घरांचे मिळून दिवसाला २,२०० लिटरांहून अधिक पाणी वाया जाईल. सामायिक प्रकल्प ६० टक्के परताव्यावर (म्हणजे घेतलेल्या पाण्यापैकी ६० टक्के शुद्ध मिळेल असा) चालवला तर हेच प्रमाण ६४० लिटर राहते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हा फरक निर्णायक ठरावा. शिवाय एक मेम्ब्रेन नीट सांभाळणे शक्य असते, अठ्ठेचाळीस नव्हे.

टीडीएस मीटर मात्र फेकून देऊ नका, त्याचे खरे काम येथे आहे. आरओच्या आधीचा आणि लगेच नंतरचा, म्हणजे कॅल्साइटपूर्वीचा, टीडीएस रोज वहीत लिहावा. आज ४३० चे २० होत असेल आणि काही महिन्यांनी ८० होऊ लागले, तर मेम्ब्रेन कमकुवत होते आहे आणि धातूही सुटू लागले असण्याची शक्यता आहे. धातूंची प्रत्यक्ष तपासणी पहिल्या महिन्यात आणि नंतर निदान दर सहा महिन्यांनी करावी, त्यात एक उन्हाळ्यातील असावी, कारण पातळी खाली गेल्यावर बोअरचे निकेल बदलू शकते.

जलचिंता

हे सभेपुढे मांडता येईल असे उत्तर आहे. एक शंका राहिली. वाया जाणारे पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडावे का?

वाळूचाघाट

कृपया कधीही सोडू नका. ६० टक्के परताव्यावर आपल्या ०.०२६ निकेलचे वाया जाणाऱ्या पाण्यात सुमारे ०.०६३ होते, आणि खड्ड्यातून ते त्याच भूजलात जाईल जे आपण आणि शेजारच्या वस्त्या पिता. मेम्ब्रेन धातू नष्ट करत नाही, तो फक्त दुसऱ्या बाजूला जमा करते. हे पाणी शौचालयाच्या फ्लशच्या टाकीला जोडावे किंवा फरशी पुसण्यास वापरावे. भाजीच्या वाफ्यांना आणि गुरांना देऊ नये. उरलेले सांडपाण्याच्या वाहिनीत जाऊ द्यावे.

नमुनानोंद

वरील मताशी सहमत आहे. आणि बोअरमधील निकेलची नोंद ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावी, दोन्ही अहवालांच्या प्रती जोडून. आपल्याकडे मेम्ब्रेन बसेल, पण त्याच जलधरावर (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरावर) असलेल्या आसपासच्या वस्त्यांपैकी बहुतेकांनी अद्याप पाणी तपासलेलेही नसेल. अर्जाचा मसुदा करण्यास मदत हवी असल्यास येथेच लिहा. नमुने कोठून घेतले, पंप किती वेळ चालवला आणि कोणती पद्धत वापरली, हे त्यात कसे नोंदवायचे ते मी सांगेन.